देवाचे गौरव: तागडी, पासंग आणि पौलाचे एक क्रियापद

प्रश्न असा आहे: ‘आमच्या मंडळीच्या तरुणसंघात “देवाच्या गौरवात आनंद मानणे” आणि “विश्वासात खोल जाणे” हे दोन प्रयोग सारखे कानावर पडतात. गौरव म्हटलं की शाल, श्रीफळ आणि मानपत्र डोळ्यांपुढे येतं. त्यापेक्षा “देवाची महिमा” म्हटलेलं बरं नाही का? आणि “खोल जाणे” हे मराठी म्हणायचं की इंग्रजीची नक्कल?’

आधी त्या ‘देवाची महिमा’चा निकाल लावू. महिमा मराठीत पुल्लिंगी आहे. नामाचा महिमा, तीर्थाचा महिमा, देवाचा महिमा. एकोणिसावं स्तोत्र सुरूच होतं ‘आकाश देवाचा महिमा वर्णिते’ असं. संस्कृतातही महत् शब्दाला इमनिच् प्रत्यय लागून झालेला महिमन् पुल्लिंगीच. ‘तुझी महिमा’ आली ती हिंदी उपासनागीतांबरोबर. हिंदीत हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि तिथे तो तसाच शोभतो. मराठी करताना चालीसाठी ‘ची’ ठेवावी लागली, ही सबब कुणी सांगू नये. ‘चा’ आणि ‘ची’ दोन्ही गुरू अक्षरं, चालीत एका मात्रेचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो मराठीत. गाण्यातली ‘तुझी महिमा’ आता प्रार्थनेत आली आहे, प्रवचनात आली आहे, आणि दर वेळी ती खड्यासारखी दाताखाली येते.

आता गौरव. सत्काराचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडतो. फक्त एवढं पाहा, की सत्कारात ‘तिचा गौरव झाला’ असा तो पुल्लिंगी येतो, आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात ‘आम्ही त्याचे गौरव पाहिले’ असं नपुंसकलिंगी. संस्कृतातलं मूळ लिंग हेच. चर्चच्या मराठीने ते जपलं आणि नकळत एक सोय झाली: माणसाचा तो गौरव, देवाचं ते गौरव. हा भेद मोडू नका.

गुरोर्भावः गौरवम्. गुरूपणा म्हणजे गौरव, आणि गुरू म्हणजे जड. ‘गु म्हणजे अंधार, रु म्हणजे तो दूर करणारा’ हे व्याख्यानाच्या सुरुवातीला हटकून सांगितलं जातं. ती भक्तिभावाने केलेली फोड आहे, तिला व्युत्पत्ती म्हणू नये. गुरूचे सख्खे भाऊबंद म्हणजे लॅटिन ‘ग्राव्हिस’ आणि ग्रीक ‘बारुस’. दोन्हींचा अर्थ जड. गरिमा हीसुद्धा याच गुरूची लेक. वैद्याच्या ग्रंथात गौरव हे लक्षण असतं: कफ वाढला, अंग जड झालं. नैयायिकाकडे, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडिताकडे, गौरव हा चक्क दोष, कारण थोडक्यात भागत असताना जास्तीचं काही मानावं लागलं की ‘गौरव’ आणि ते टळलं की ‘लाघव’. अर्धी मात्रा वाचली तर वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, ते याच लाघवापायी. शब्दाच्या पोटात वजन आहे, मान मागाहून आला.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. जुन्या करारात जिथे ‘गौरव’ येतं तिथे हिब्रूत बहुतेक वेळा ‘कावोद’ असतो. त्याचा धातू क-ब-द, अर्थ जड असणं. कावेद म्हणजे जड, आणि यकृतालाही कावेदच म्हणतात. अब्राम गुरंढोरं, सोनं, रुपं यांनी ‘कावेद’ होता, म्हणजे श्रीमंत होता. मिसरचा राजा फारो याचं मन ‘कावेद’ झालं. मोशेची जीभ ‘कावेद’ होती, जड जिभेचा तो. आईबापांचा मान राख ही आज्ञा याच धातूने दिली आहे: त्यांना वजन दे. संस्कृत आणि हिब्रू यांचं नातं नाही, एक इंडो-युरोपीय, दुसरी सेमिटिक. तरी दोघींनी मानाला वजनाच्या घरातून नाव दिलं. ग्रीक भाषांतरकारांना मात्र हे साधलं नाही. त्यांनी ‘डॉक्सा’ घेतला, ज्याचं मूळ ‘वाटणं’, ‘मत’. बायबलात राहून राहून त्या बिचाऱ्या शब्दाचा अर्थ पालटला. मराठीला असा खटाटोप करावा लागला नाही, हातातच नेमका शब्द होता.

पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते प्रचलित भाषांतरातलं संस्कृत साध्या बायाबापड्यांना कळत नाही म्हणून. ती तक्रार रास्त होती. पण ‘संस्कृत ते काढा’ असा सरसकट नियम करणाऱ्यांनी गौरवाला हात लावू नये. हा शब्द काढला तर वजन जाईल.

जेम्स बार या स्कॉटिश विद्वानाने 1961 साली बजावलं की धातूचा अर्थ प्रत्येक वापरात घुसडू नका. इशारा योग्यच आहे. त्याचा सोटा करून धातूंची चर्चाच बंद पाडणाऱ्यांना मात्र मी पहिल्या शमुवेलाचे अध्याय दोन आणि चार वाचायला सांगेन. एली याजकाला देव म्हणतो, तू माझ्यापेक्षा आपल्या मुलांना ‘वजन’ देतोस आणि अर्पणांवर तुम्ही पुष्ट होता. पुढच्याच वचनात: जे मला जड मानतात त्यांना मी जड करीन, जे मला तुच्छ मानतात ते हलके होतील. इथे ‘हलकं’ या अर्थाचाच हिब्रू धातू आहे. मग चौथ्या अध्यायात कराराचा कोश, म्हणजे इस्राएलाची पवित्र पेटी, शत्रू पलिष्ट्यांच्या हाती गेल्याची बातमी येते, एली आसनावरून मागे कोसळतो, मान मोडते, कारण तो म्हातारा आणि ‘कावेद’ होता. त्याच दिवशी त्याची सून बाळंत होते आणि मुलाचं नाव ठेवते ईखाबोद: कावोद गेलं. जड माणूस पडला, आणि खरं वजन इस्राएलातून निघून गेलं. हा खेळ लेखकाने स्वतः मांडला आहे, वाचकाने लादलेला नाही. आणि मराठीची गंमत पाहा: हलका हा शब्द ‘लघुक’चं वर्णविपर्यास झालेलं, म्हणजे अक्षरांची अदलाबदल झालेलं रूप आहे. म्हणजे गौरव आणि हलकेपणा ही जोडी म्हणजे आपली गुरू-लघूचीच जोडी.

रोमकरांस 3:23 मध्ये आपण वाचतो की सर्वांनी पाप केलं आणि ते ‘देवाच्या गौरवाला उणे पडले’. हे ‘उणे पडणे’ फार मोलाचं आहे. वजनाला उणं भरतं ते उणं. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाचं ग्रीक क्रियापद ‘हुस्टेरेओ’, मागे पडणं, कमी पडणं. त्यात तागडी कुठे आहे, असं अभ्यासक विचारतील. तागडी जुन्या करारातल्या दानीएलाच्या पुस्तकात आहे. बाबेलचा राजा बेलशस्सर यरुशलेमच्या मंदिरातली सोन्याची पात्रं मेजवानीत दारूसाठी वापरतो, भिंतीवर बोटं उमटतात, ‘तकेल’ लिहिलं जातं. तकेल म्हणजे शेकेल, वजनाचं माप. अर्थ: तुला तागडीत तोललं आणि तू उणा भरलास. थिओडोशनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक दानीएलात या ‘उणा भरलास’ला जे क्रियापद आहे ते हेच, हुस्टेरेओ! माझं ठाम मत आहे की रोमकरांसच्या त्या वचनात एका पारड्यात देवाचं गौरव आहे आणि दुसऱ्यात आपण. हे मत मांडलं की काही जण धनुष्यबाणाचा दाखला देतात, नेम चुकला म्हणतात. तो नेम ‘पाप’ या शब्दाच्या ग्रीक मुळाशी आहे, गौरवाशी त्याचा संबंध नाही. वचनाचा पहिला अर्धा भाग समजावून दुसरा गिळून टाकायचा, असं व्याख्यान मी तरी मानत नाही.

मराठी माणसाला हे शिकवावं लागू नये. आपण मान वजनानेच मोजतो. शब्दाला वजन असतं, माणूस भारदस्त असतो, पारडं जड होतं, आणि ज्याची किंमत नाही तो हलका, हलकट. यात माझा सगळ्यात आवडता शब्द पासंग. जुन्या तागडीची दोन्ही पारडी रिकामी असताना काटा मध्ये राहिला नाही, तर वर गेलेल्या पारड्याला दुकानदार खडा किंवा खापराचा तुकडा बांधायचा. तो पासंग. मालात त्याची गणती नाही, मापात नाही. म्हणून ‘अमुक माणूस तमुकाच्या पासंगालाही पुरणार नाही’. यशया 40:15 म्हणतो की राष्ट्रं देवापुढे तागडीवरच्या धुळीइतकी आहेत. याहून चांगली टीप या वचनावर मला ठाऊक नाही: पासंगालाही पुरणार नाहीत. आणि पौल करिंथकरांना लिहिताना आपल्या हालअपेष्टांना ‘हलकं’ म्हणतो आणि समोर सार्वकालिक गौरवाचा ‘भार’ ठेवतो. ग्रीक लिहिताना त्याच्या मनात हिब्रू वजन होतं. फटके खाल्लेला, जहाज फुटून समुद्रात रात्र काढलेला माणूस संकटाला हलकं म्हणतो, तेव्हा दुसऱ्या पारड्यात काय असेल ते कळतं.

आता ‘आनंद मानणे’. हा प्रयोग मात्र बदला. मराठीत माणूस ‘आहे त्यात आनंद मानतो’, म्हणजे भागवून घेतो. देवाच्या गौरवाने भागवून घ्यायचं असतं का? सदतिसाव्या स्तोत्रात परमेश्वराच्या ठायी आनंद होतो. तिथलं हिब्रू क्रियापद मऊपणाशी, लाडाशी, चंगळीशी नातं सांगणारं आहे. तेच क्रियापद आणि ‘कावोद’ एकत्र पाहायचे असतील तर यशया 66:11 काढा. तिथे यरुशलेम आई आहे, लोक तान्ही बाळं आहेत, आणि तिच्या विपुल कावोदातून पोटभर पिऊन ती सुखावतात. स्तनाला लागलेलं मूल आनंद ‘मानत’ नाही. त्याला तो होतो.

‘विश्वासात खोल जाणे’ ही इंग्रजीचीच नक्कल. मराठीत खोलात जातो तो चौकशी करणारा. विश्वास आपल्याकडे बसतो, दृढ होतो, ढळतो, उडतो. बसतं ते जड, उडतं ते हलकं, हेही पाहून ठेवा. हिब्रूत विश्वासाचा शब्द ‘एमुना’, ज्या धातूतून ‘आमेन’ आलं त्यातूनच, आणि अर्थ घट्टपणा. निर्गम 17:12 मध्ये अमालेकाशी लढाई चालू असताना मोशेचे हात ‘कावेद’ झाले, जड झाले, म्हणून त्याला दगडावर बसवून अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी हात धरले, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात ‘एमुना’ राहिले. गौरवाचा धातू आणि विश्वासाचा शब्द, एका वचनात, एकाच माणसाच्या दोन हातांवर. विश्वास घट्ट राहिला तो दुसऱ्यांनी हात धरल्यामुळे, हे तरुणसंघाने आवर्जून वाचावं.

मराठी शब्द हवा असेल तर तोही तुमच्या पुस्तकात आहे. कलस्सैकरांस 2:7 मध्ये ‘मुळावलेले’ असं आलं आहे. मुळावणे: रोपाने नव्या मातीत मूळ धरणे. ‘विश्वासात मुळावायचं आहे’ असं म्हणा.