टायगर मॉथ विमानाचे पंख मागे झुकलेले का असतात?

एकावर एक असे दोन पंख असलेल्या या प्रशिक्षण विमानातला हा झुकाव वेगासाठी नाही, तर त्याचे मूळ पॅराशूटमध्ये आहे. ते बनवणाऱ्या डी हॅविलंड या ब्रिटिश कंपनीच्या आधीच्या मॉथ विमानांत वरच्या पंखाला आधार देणारे खांब पुढच्या आसनाच्या भोवतीच उभे होते आणि इंधनाची टाकी डोक्यावर होती, त्यामुळे तिथे बसणाऱ्या, पॅराशूट बांधलेल्या प्रशिक्षकाला संकटकाळी झटकन बाहेर पडणे अवघड जात असे; शिकाऊ वैमानिक मागे बसत असल्याने त्याची तुलनेने सोय होती. ब्रिटिश हवाई दलाला असे विमान प्रशिक्षणासाठी चालणारे नव्हते.

उपाय म्हणून अभियंत्यांनी वरच्या पंखाचा मधला भाग खांबांसह पुढे सरकवला. परंतु पंख पुढे गेला की उत्थापक बलाचा (विमानाला वर उचलणाऱ्या बलाचा) मध्यही पुढे जातो आणि गुरुत्वमध्याशी असलेला त्याचा मेळ बिघडतो, म्हणून पंखांची टोके मागे वळवून तो तोल पुन्हा साधण्यात आला. यामुळे खालच्या पंखांची टोके जमिनीच्या फार जवळ येऊ लागली, तेव्हा ती थोडी वर उचलावी लागली. एक अडचण सोडवताना दुसरी उभी राहावी, असाच हा सारा प्रकार होता.

या रूपातील आद्य नमुन्याने, म्हणजे डीएच ८२ ने, २६ ऑक्टोबर १९३१ रोजी चाचणी वैमानिक ह्यूबर्ट ब्रॉड यांच्या हाती पहिले उड्डाण केले. पुढे भारतीय वायुसेनेचे वैमानिकही याच विमानावर शिकले.