पान पूर्ण पिवळे, तरी धडा सांगता येईना

‘मॅडम, पोरगी रात्री बारापर्यंत वाचायलीय, पण पुस्तक मिटून विचारलं तर काहीच सांगता येईना.’ लातूरजवळच्या एका गावातून दहावीतल्या मुलीला घेऊन आलेल्या शेतकरी वडिलांनी बसल्याबसल्या हेच सांगितले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ही काळजी घेऊन येणाऱ्या बहुतेक पालकांनी मुलाची स्मरणशक्तीच कमी आहे, असे मनाशी ठरवून टाकलेले असते.

मी तिचे विज्ञानाचे पुस्तक मागितले. ‘उष्णता’ या धड्यात न रंगवलेली ओळ शोधावी लागत होती. आकृतीखालचे नावसुद्धा पिवळे केलेले होते. चौकटींतला मजकूर तर तिने सर्वांत आधी पाठ केला होता, कारण वेगळा छापला आहे म्हणजे तोच महत्त्वाचा, असा तिचा समज होता. ‘यातले काय बाजूला ठेवता येईल?’ असे विचारल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग हळूच म्हणाली, ‘एका गुणाचा प्रश्न कुठूनही येतो ना.’

तिची स्मरणशक्ती उत्तम होती. 80 आणि 540 हे आकडे तिने न अडखळता सांगितले. ते कशाचे, हे मात्र तिला सांगता येत नव्हते. काही सुटू नये या भीतीपोटी तिने प्रत्येक ओळीला सारखेच वजन दिले होते, आणि ही भीती खोटी आहे असे मी तिला म्हणणार नव्हते.

विज्ञानाच्या पुस्तकातली मुख्य कल्पना पुष्कळदा व्याख्येत नसते. व्याख्या नाव देते, कल्पना मात्र कशामुळे काय घडते हे सांगते. म्हणून मी मजकूर झाकून तिला फक्त आलेख दाखवला. बर्फाला उष्णता देत राहिले तरी तापमानाची रेषा शून्य अंशावर काही वेळ आडवीच का राहते, एवढाच प्रश्न मनात धरून परिच्छेद वाचायला सांगितला. दोनदा वाचून ती म्हणाली, ‘उष्णता बर्फाचं पाणी करण्यातच खर्च होते, म्हणून तापमान वाढत नाही.’ सगळा परिच्छेद या एका वाक्यावर उभा आहे. अप्रकट उष्मा हे त्या उष्णतेचे नाव आणि 80 कॅलरी हे एका ग्रॅम बर्फासाठीचे तिचे माप; 540 हे एका ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ होण्यासाठीचे.

इतका वेळ ऐकत बसलेल्या वडिलांनी विचारले, ‘मग माठाचं पण असंच असतंय का?’ तिने थोडा विचार करून सांगितले की बाहेर झिरपलेल्या पाण्याची वाफ होताना ते माठातल्या पाण्याची उष्णता घेते. ‘म्हणूनच छिद्रं बुजलेला जुना माठ पाणी गार करीना,’ वडील म्हणाले. पुस्तक तेव्हा मिटलेले होते.

प्रत्येक उपशीर्षकाचा आधी प्रश्न करायचा, उत्तर पेन्सिलीने समासात आपल्या शब्दांत लिहायचे आणि एका गुणाच्या गोष्टींसाठी वेगळी वही ठेवायची, एवढे आम्ही ठरवले. मूलद्रव्यांच्या वर्गीकरणासारख्या धड्यात ‘का’पेक्षा ‘कशाच्या आधारे’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो, हेही तिला सांगितले.

तीन आठवड्यांनी तिने ‘प्रकाशाचे अपवर्तन’, म्हणजे प्रकाश वाटेत कसा वळतो याचा धडा, उघडून दाखवला. समासात लिहिले होते : ‘हवा सारखी बदलते, म्हणून तारा हलल्यासारखा दिसतो.’ त्याखाली, अधिक बारीक अक्षरात : ‘चंद्र का लुकलुकत नाही? सरांना विचारणे.’