तयार मिळालेलं मॉड्यूल सर्व्हरला जोडू का?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेची साइट एनजिनएक्स या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरवर आहे, सर्व्हरवर डेबियन १२ ही लिनक्स, सगळं मीच बघतो. पानं हळू उघडतात म्हणून ब्रॉटली कॉम्प्रेशन (पानं आवळून पाठवायची पद्धत) टाकायचंय. एका साइटवर त्याचं मॉड्यूल, म्हणजे एनजिनएक्सला जोडायचा भाग, कंपाइल केलेली तयार एसओ फाइल म्हणून फुकट मिळालं. निदान टेस्ट करून बघायला काय हरकत आहे?
– एक वाचक, कराड

उत्तर : हरकत आहे, आणि टेस्टलाच आहे. आपल्याला वाटतं 'एनजिनएक्स -टी' ही टेस्टची कमांड म्हणजे कॉन्फिग (सेटिंगची फाइल) वाचणार, सिंटॅक्स बरोबर की चूक सांगणार आणि गप्प बसणार. पण कॉन्फिगमध्ये मॉड्यूल जोडणारी 'लोड मॉड्यूल'ची ओळ आली की टेस्टमध्येसुद्धा ती फाइल खरोखर मेमरीत चढते, आणि चढताच चालेल असा कोड कोणी त्यात घालून ठेवला असेल तर तो तिथल्या तिथे चालतो, तोही रूट म्हणून, म्हणजे सर्व्हरचे सगळे अधिकार घेऊन, कारण ते अधिकार देणारं सुडो तुम्ही कमांडला लावलेलं असणार. 'सिंटॅक्स इज ओके' दिसेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

मोबाइलचं अ‍ॅप निदान परमिशन तरी मागतं, हे मॉड्यूल काहीच मागत नाही, थेट एनजिनएक्सच्या प्रोसेसमध्येच जाऊन बसतं. सभासदाचा पासवर्ड, ओटीपी, सगळं एचटीटीपीएस उलगडल्यावर त्याच्या समोरून जातं, आणि सर्टिफिकेटची प्रायव्हेट की (गुप्त किल्ली) पण त्याच मेमरीत असते. २०१३ च्या सुमाराला अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरवर डार्कलीच नावाचं मॉड्यूल असंच पसरलं होतं, डिस्कवरच्या फाइल एकदम स्वच्छ आणि पान पाठवताना मात्र त्यात घातक आयफ्रेम (पानाच्या आत उघडणारं दुसरं पान) घुसवायचं, अ‍ॅडमिन बिचारे फाइली तपासत बसायचे. तिथे ते चोरांनी बसवलं होतं, तुम्ही तर आपल्या हाताने बसवायला निघालात.

आधी एक बघा. एनजिनएक्समध्ये जीझिप ही आवळायची जुनी पद्धत आहेच, पण 'जीझिप टाइप्स' ही ओळ बहुतेक ठिकाणी कॉमेंट केलेली, म्हणजे पुढे # लावून बंद ठेवलेली असते, मग फक्त एचटीएमएल आवळलं जातं आणि सीएसएस, जावास्क्रिप्ट जशीच्या तशी जाते. ती ओळ चालू करा, रीलोड करा, ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये साइज बघा. मला तरी वाटतं तुमचं काम एवढ्यातच होईल.

तरीही ब्रॉटली हवंच असेल तर डेबियनच्या स्वतःच्या रेपोत (अधिकृत सॉफ्टवेअर साठ्यात) त्याचं मॉड्यूल आहे, अ‍ॅप्ट या इन्स्टॉलच्या कमांडने घ्या. त्याचा मोठा फायदा म्हणजे ते एनजिनएक्सबरोबर अपडेट होतं. बाहेरचं मॉड्यूल ठरावीक व्हर्जनलाच जुळतं, एनजिनएक्स अपडेट झालं की सर्व्हर उठत नाही, मग लोक एनजिनएक्सचं अपडेटच होल्डवर टाकतात आणि सिक्युरिटी पॅच येणं बंद. हे मी फार वेळा बघितलंय.

आणि प्रश्न पाठवून झाल्यावर राहवलं नाही म्हणून टेस्ट करून झाली असेल, तर नुसती फाइल डिलीट करून थांबू नका. सर्व्हर नव्याने उभा करा, नवीन की बनवून सर्टिफिकेट घ्या आणि जुनं रद्द करा, डेटाबेसचे पासवर्ड बदला, आणि संस्थेच्या चेअरमनना आजच सांगा.