बुद्धिबळाच्या तीन मिनिटांच्या ऑनलाइन डावांत सुरुवातीच्या सापळ्यांपासून वाचण्यासाठी सगळे सापळे पाठ करावेत का?

आपण लिहिले आहे की पुण्यातील स्पर्धांत समोरासमोर आपला खेळ व्यवस्थित होतो, परंतु मोबाईलवरील तीन मिनिटांच्या डावांत दहाव्या खेळीच्या आतच वजीर तरी जातो किंवा मात तरी होते. माझ्या मते सगळे सापळे पाठ करण्याची आवश्यकता नाही. जलद डावांत वारंवार भेटणारे सापळे मोजकेच आहेत आणि त्यांतील बरेचसे फुकट दिसणारे मोहरे उचलण्याच्या मोहावर उभे असतात.

‘ब्लॅकबर्न शिलिंग’ नावाचा सापळा पाहा. पांढऱ्याने ई४, घोडा एफ३ आणि उंट सी४ अशी इटालियन मांडणी केली की काळा तिसऱ्या खेळीला सी६ वरचा घोडा डी४ वर नेतो आणि ई५ चे प्यादे उघडे पडते. ते घोड्याने मारले की काळ्याचा वजीर जी५ वर येऊन तो घोडा आणि जी२ चे प्यादे या दोन्हींवर रोख धरतो. येथे पांढऱ्याला दुसरा मोह पडतो, कारण घोड्याने एफ७ वर मारल्यास वजीर आणि हत्ती एकदम माऱ्यात येतात. प्रत्यक्षात वजीर जी२ घेतो, हत्ती एफ१ वर सरकतो, वजीर ई४ घेऊन शह देतो, उंट ई२ वर आडवा येतो आणि सातव्या खेळीला काळ्याचा घोडा एफ३ वर मात करतो. ई२ वरचा उंट हलला तर राजाला शह बसतो, म्हणजे तो जखडलेला असतो, त्यामुळे त्याला एफ३ वरचा घोडा मारता येत नाही. याउलट, चौथ्या खेळीला डी४ वरचा घोडा मारून नंतर किल्लेकोट केला, तर काळ्याची प्यादी डी पट्टीत दुहेरी होतात, एकही मोहरे बाहेर आलेले नसते आणि पांढऱ्याचा डाव सरस ठरतो.

पांढऱ्याच्या डी४ ला ई५ असे उत्तर देणाऱ्या एंग्लंड गॅम्बिटमध्ये (गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच प्यादे देऊ करणे) काळ्याचा वजीर ई७ वरून बी४ वर शह देतो आणि मग बी२ चे प्यादे खातो. तेव्हा वजिराला हुसकण्यासाठी पांढऱ्याने शह अडवायला डी२ वर आणलेला उंट सी३ वर नेला की डाव संपल्यात जमा आहे, कारण काळ्याचा उंट बी४ वर येतो आणि पुढे सी१ वर मात किंवा ए१ चा हत्ती यांपैकी एक मिळवतोच. तेथे घोडा सी३ वर न्यावा. ए१ च्या हत्तीला आपल्या वजिराचा आधार मिळतो आणि काळ्याचा वजीरच अडचणीत येतो. काळा ई५ चे प्यादे सोडून देतो त्या स्टॅफर्ड गॅम्बिटमध्ये पांढऱ्याने उंट जी५ वर नेण्याची घाई टाळून तो ई२ वर ठेवावा, एवढे पुरे.

माझ्या अनुभवात खरे नुकसान प्रतिस्पर्धी खेळण्याआधीच आपली आगाऊ खेळी लावून ठेवण्याने होते. पटावर हात थांबतो, मोबाईलवर बोट थांबत नाही! पहिल्या आठ-दहा खेळ्यांत ही सवय सोडावी आणि प्रतिस्पर्ध्याने काही फुकट देऊ केले की पाच सेकंद खर्चून त्याचा पुढचा शह कोणता, एवढेच पाहावे. तेवढ्यासाठीसुद्धा वेळ अपुरा वाटत असेल, तर प्रत्येक खेळीला दोन सेकंद वाढवून देणारे तीन मिनिटांचे डाव निवडावेत.