कुंडीतल्या लिंबाची पानं लोंबतायत? पाणी थांबवा, मुळी बघा

प्रश्न: सर, दारात अर्ध्या ड्रममध्ये कागदी लिंबू लावलंय, दोन वर्षांचं झाड आहे. पंधरा दिवस झाले पानं खाली लोंबतायत, काही पिवळी पडून गळतायत. रोज दोन टाइम पाणी घालते, मूठभर युरिया पण दिला, फरक नाही. माती आमच्या रानातलीच, काळी. कुठलं औषध मारू?

उत्तर: ताई, औषधाचं नंतर बघू, आजपासून आधी ते दोन टाइमचं पाणी बंद करा. पान लोंबलं की आपला हात तांब्याकडे जातोच, पण मुळी सुकली तरी पान लोंबतं आणि मुळी कुजली तरी लोंबतं, कारण दोन्ही वेळेला वर पाणी चढत नाही, वरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. रानात वाफसा, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही आणि आत हवा खेळती, अशी नसताना आपण औत घालत नाही, ड्रमला पण वाफसा लागतो की. काळी माती पाणी धरून बसते, रानात ते पाणी खाली मुरायला जागा असते, ड्रमला बूड असतं. मातीतली हवा संपली की पांढरी मुळी गुदमरते, आणि मग फायटोफ्थोरा नावाची बुरशी, आपण ज्याला मुळकूज आणि डिंक्या म्हणतो ती, आरामात शिरते.

आता खात्री कशी करायची ते सांगतो. सकाळी उन्हं यायच्या आधी झाड बघा. दुपारी माना टाकून संध्याकाळी परत ताठ होत असेल तर तो नुसता उन्हाचा ताण, त्याला काही करायचं नाही, पश्चिमेच्या भिंतीपासून ड्रम हलवला तरी पुरे. पण सकाळी पण लोंबलेलंच असेल तर खाली गडबड आहे. बोट दोन पेरं मातीत घाला, थोडी माती काढून मुठीत दाबा, लाडवासारखा गोळा वळला आणि फुटतच नसेल तर पाणी जास्त आहे. पानाची मधली शीर पिवळी आणि पान मऊ, हे पण मुळकुजीचंच लक्षण, तहानलेल्या लिंबाचं पान होडीसारखं आत वळतं आणि हाताला कडक लागतं. तरी शंका असेल तर कडेने माती उकरून चार मुळ्या बघा. चांगली मुळी पांढरट, तोडली तर टणक. कुजलेली तपकिरी असते, चिमटीत धरून ओढली की साल सुटून हातात येते आणि आतला दोऱ्यासारखा गाभा तेवढा उरतो, वास पण येतो. ही परीक्षा झाल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

तुमच्या लिहिण्यावरून मला तरी मुळकूजच वाटतेय. ड्रम आडवा करून बूड बघा, भोकं आहेत का, असली तर मुळ्यांनी आणि चिखलाने बुजलीत का. बोटभर जाडीची सात-आठ भोकं हवीत आणि ड्रम तीन विटांवर उचलून ठेवायचा म्हणजे भोकं फरशीला चिकटत नाहीत. खाली जाड खड्यांचा थर देतात बरेच जण, त्याने निचरा होतो हा गैरसमज आहे, पाणी खड्यांच्या वरच्या मातीत अडकून राहतं आणि मुळीला जागा पण कमी होते. भोकावर एक खापरी पुरे, बाकी सगळं मातीच्या मिश्रणावर आहे.

मिश्रण असं करा: दोन भाग पोयटा (गाळाची भुसभुशीत) माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू किंवा भाताचं तूस, वर दोन मुठी निंबोळी पेंड. रानातली काळी माती नुसती भरू नका, कितीही कसदार असली तरी. झाड काढताना कुजलेल्या मुळ्या स्वच्छ कात्रीने कापा, मुळं कमी झाली म्हणजे वरचा पसारा पण कमी करावा लागतो, साधारण तिसरा हिस्सा फांद्या छाटा, फुलं-फळं असतील ती काढून टाका (जीवावर येतं माहितीये, पण काढा). लावताना खोडाचा बुंधा मातीत गाडायचा नाही, कलम असेल तर जोड मातीच्या चांगला वर राहू द्या. मग आठ-दहा दिवस सावलीत.

औषध आता. मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबचं मिश्र बुरशीनाशक मिळतं, 2.5 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात करून बुंध्याभोवती आळवणी करा, म्हणजे मातीत ओता, फवारणी नव्हे. फळ खायचं झाड आहे, त्यामुळे औषध दिल्यावर फळ किती दिवस तोडायचं नाही हा लेबलवर लिहिलेला कालावधी पाळायचा आणि हातमोजे घालायचे. ट्रायकोडर्मा घालायचाच आहे तर त्याच दिवशी नको, ती उपयोगी असली तरी बुरशीच आहे, औषधाने तीही मरेल, पंधरा दिवसांनी शेणखतात मिसळून द्या. खोडावर डिंक ओघळलेला दिसला तर तेवढी साल खरवडून बोर्डो पेस्ट लावा, 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), 100 ग्रॅम चुना, 1 लिटर पाणी, आणि ते प्लास्टिकच्या बादलीतच कालवायचं, लोखंडाच्या नाही.

युरियाबद्दल थोडं रागावणारे मी. आजारी मुळीला मूठभर युरिया म्हणजे मातीत क्षार वाढले आणि मुळीतलं उरलंसुरलं पाणी पण बाहेर ओढलं गेलं. नवीन पालवी फुटेपर्यंत कसलंही खत नाही. आणि जुनी लोंबलेली पानं परत ताठ होतील याची वाट बघू नका, बरीचशी गळतील, फांदीवरच्या डोळ्यातून कोंब येतोय का ते बघा.

पाणी पुढे कधी द्यायचं, तर वरची दोन इंच माती सुकल्यावर, आणि द्याल तेव्हा खालून निथळेपर्यंत. तारीख-वार ठरवून नको.

याच्या उलटी केस पण सांगून ठेवतो, कारण उन्हाळ्यात हीच येते. एका दादांनी विचारलंय की पाणी घातलं की लगेच खालून येतं, तरी मोगरा सुकतोय. दादा, चिकण माती पूर्ण वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते, तुमचं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातंय, मधला गड्डा कोरडाच. कुंडी घमेल्यात पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा आणि निथळू द्या, कडेची फट मातीने दाबून बुजवा.

आणि मिरची, वांगी, टोमॅटोवाल्यांसाठी: पानं हिरवीच असताना झाड दोन-तीन दिवसांत माना टाकून बसलं, तर बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापून काचेच्या ग्लासात पाण्यात अधांतरी धरा. थोड्या वेळात दुधासारखा धागा खाली उतरला तर जिवाणूजन्य मर आहे, त्यावर औषध नाही, पैसे घालवू नका. झाड मातीसकट टाका, शेतात किंवा कंपोस्टमध्ये नको, कुंडी घासून धुऊन उन्हात वाळवा.

ताई, फोटो पाठवाल तेव्हा नुसत्या पानांचा नको, उकरलेल्या मुळीचा आणि ड्रमच्या बुडाचा पण पाठवा.