पाऊस आला की छत्रीचा सिग्नल जातो, मेकॅनिक म्हणतो सगळं बदला. खरंच सगळं बदलावं लागेल का?

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला. घाटकोपर पूर्वेला चार मजली इमारत, गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री. मे महिन्यापर्यंत सगळं छान होतं. जूनपासून चित्राचे चौकोन पडायला लागले, सर आली की ‘नो सिग्नल’, आणि काही चॅनेल तर कोरड्या दिवशीही लागत नाहीत. मेकॅनिक येऊन पाच मिनिटांत छत्री, एलएनबी (छत्रीच्या दांड्यावरची, सिग्नल पकडून केबलमध्ये सोडणारी डबी), केबल, बॉक्स सगळं बदला म्हणून गेला.

सगळं बदला म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा काहीच तपासलेलं नसतं. मी काही वर्षं छत्र्या बसवायचं काम केलंय, त्यावरून सांगतो: छत्रीला हात सगळ्यात शेवटी लावायचा. मेपर्यंत ती नीट चालत होती, म्हणजे तिची दिशा बरोबर होती. उगाच हलवलीत तर आधीचा बिघाड राहील बाजूला आणि वर दिशाही जाईल. मग खरंच मेकॅनिकशिवाय पर्याय उरणार नाही.

सुरुवात घरातूनच करा. रिमोटवर मेनू दाबून सिग्नलचं पान उघडा. तिथे दोन पट्ट्या असतात, स्ट्रेन्थ आणि क्वालिटी. लोक स्ट्रेन्थ बघून खूश होतात, पण ती पट्टी फारसं काही सांगत नाही. एलएनबी जिवंत असली की तिचा स्वतःचा गोंगाटही त्यात धरला जातो, त्यामुळे छत्री भलत्याच दिशेला असली तरी स्ट्रेन्थ भरलेली दिसू शकते. खरी पट्टी क्वालिटीची. स्ट्रेन्थ चांगली आणि क्वालिटी शून्य असेल तर समजायचं की एलएनबीला वीज पोचतेय, पण उपग्रह दिसत नाहीये. मध्ये काही आडवं आलंय किंवा छत्री हललीय. दोन्ही शून्य असतील तर केबल, कनेक्टर किंवा एलएनबी. क्वालिटी सारखी वरखाली नाचत असेल तर अगदी खात्रीने नाही सांगणार, पण माझा पहिला संशय कनेक्टरवर. हे आकडे कोरड्या दिवशी एकदा आणि पावसात एकदा लिहून ठेवा. पुढे कामाला येतील.

आता कोरड्या दिवशीही न दिसणारे चॅनेल. हा बहुधा वेगळाच प्रश्न आहे, त्याचा पावसाशी संबंध जोडू नका. फ्री डिशवर खासगी वाहिन्यांच्या जागा ई-लिलावाने जातात. एखाद्या वाहिनीने जागा सोडली की ती सगळ्या देशातून जाते, तुमच्या गच्चीचा त्यात काही दोष नाही. काही चॅनेल एमपेग-4 या नव्या व्हिडिओ पद्धतीत येतात, ते जुन्या एमपेग-2 बॉक्सवर लागतच नाहीत, कितीही स्कॅन करा. आधी एक ऑटो स्कॅन मारा, मग शेजारी ज्यांच्याकडे फ्री डिशच आहे त्यांच्या यादीशी ताडून बघा. त्यांच्याकडेही नसतील तर विषय संपला. त्यांच्याकडे आहेत आणि तुमच्याकडे नेमका एक गठ्ठाच गायब आहे, तर मात्र तो सिग्नलचा दोष. उपग्रहावरच्या एका ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे एका प्रक्षेपकावर, बरेच चॅनेल एकत्र येतात, त्यामुळे काठावरचा सिग्नल असला की जातानाही ते एकदमच जातात.

मग गच्चीवर जायचं. पाऊस थांबल्यावर, दिवसाउजेडी, बरोबर कुणाला तरी घेऊन. शेवाळलेल्या गच्चीवर पाय सटकतो आणि छत्र्या नेमक्या कठड्याला लावलेल्या असतात. कठड्यावर चढून काहीही करायचं नाही. आणि जायच्या आधी बॉक्सचं बटण भिंतीवरून बंद करा. त्याच केबलमधून एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट जात असतात. कनेक्टर उघडताना केबलची मधली तार तिच्याभोवतीच्या धातूच्या जाळीला टेकली तर बॉक्सचा एलएनबी सप्लायच उडू शकतो.

एलएनबीखालचा कनेक्टर हाताने उलगडा आणि मधल्या तारेकडे नीट बघा. ती चकचकीत तांबूस दिसायला हवी. मुंबईत दोन पावसाळे काढलेल्या केबलची तार बऱ्याचदा काळी पडलेली असते, टोकाला हिरवट पूड असते. स्वस्तातली केबल असेल तर आत लोखंड आणि वर तांब्याचा नुसता मुलामा असतो. मुलामा गेला की सरळ गंज. बाहेरची जाळी बोटाने चोळा. हाताला पांढरी-राखाडी भुकटी लागली तर पाणी आत शिरलंय. हे पाणी तिथेच थांबत नाही, आवरणाच्या आतून केबलभर खाली उतरतं. मी अशा केबलचं घरातलं टोक उघडल्यावर टीव्हीच्या मागे थेंब पडताना पाहिलेत. अशा वेळी फूटभर कापून, खाली स्वच्छ तार मिळतेय का बघायचं. मिळाली तर नवा कनेक्टर लावून काम भागतं. नाही मिळाली तर केबल बदला. आरजी-6 प्रकारची केबल घ्या, आणि गच्चीपासून टीव्हीपर्यंत एकसंध तुकडा घ्या. मध्ये जॉइंट नको. चिकटपट्टी गुंडाळलेला जॉइंट पावसाळ्यात हमखास दगा देतो.

नवा कनेक्टर लावल्यावर त्यावर रबरी टेप ताणून गुंडाळा, आणि केबलला एलएनबीच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी येऊन गळेल, कनेक्टरकडे जाणार नाही. एवढीशी गोष्ट, पण बसवणारे घाईत ती हमखास गाळतात. हात तिथेच आहे तर एलएनबीची प्लॅस्टिकची टोपीही बघा. उन्हाने तिला चीर पडली असेल तर आत पाणी गेलं म्हणून समजा, मग ती एलएनबी टाकून द्या. टोपीवर गांधीलमाशीने मातीचं घर केलेलंही मी पाहिलंय. आणि जर सिग्नल पावसात नव्हे, तर भर दुपारच्या उन्हात जाऊन संध्याकाळी आपोआप येत असेल, तर एलएनबी म्हातारी झाली. तापल्यावर तिची फ्रिक्वेन्सी सरकते. तुमच्या बाबतीत ते लक्षण दिसत नाही.

आता मुंबईचा खास प्रश्न. जूनपासून सुरू झालं म्हणता, तर मेअखेरीस गच्चीवर पावसाळी शेड घातली का? गळती थांबवायला सोसायट्या पत्रा किंवा निळी ताडपत्री टाकतात आणि छत्री नेमकी तिच्या कडेखाली येते. पत्रा असेल तर सिग्नल पूर्ण बंद. ताडपत्री कोरडी असताना फारसा त्रास देत नाही, पण ओली झाली, वर पाण्याचा थर साचला की सिग्नल अडवते. म्हणजे लक्षण नेमकं तुम्ही सांगताय तसंच: उघडीप असताना ठीक, सर आली की गेलं.

इथे एक गंमत लक्षात घ्या. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15, तो 93.5 अंश पूर्वेला. मुंबईतून तो आग्नेयेला दिसतो, उत्तरेपासून साधारण 131 अंशांवर, आणि क्षितिजापासून जवळजवळ 57 अंश वर. म्हणजे बराच वर. पण छत्रीकडे बघून ते कळत नाही. ही ऑफसेट छत्री असते, एलएनबी मध्यावर नसून खालच्या दांड्यावर असते, त्यामुळे छत्री समोरच्या इमारतीकडे बघतेय असं वाटतं आणि प्रत्यक्षात ती त्या इमारतीच्या खूप वरून आकाश बघत असते. म्हणून लोक समोरच्या झाडाला दोष देतात आणि डोक्यावरचा पत्रा विसरतात.

समोर रिडेव्हलपमेंटचा टॉवर उभा राहतोय म्हणून घाबरलेले लोक बरेच भेटतात. हिशोब सोपा आहे. आग्नेयेची इमारत तुमच्या छत्रीपासून जेवढी लांब, त्याच्या दीडपटीहून जरा जास्त ती छत्रीच्या पातळीवर चढली तरच अडवते. 30 मीटरवर असेल तर 47 मीटर, म्हणजे तुमच्या गच्चीवर आणखी पंधराएक मजले. पश्चिमेला काहीही बांधलं तरी फरक नाही. उलट खिडकीच्या ग्रिलला छत्री लावणाऱ्यांना वरचा छज्जाच नडतो, कारण 57 अंशांची रेषा त्यातूनच जाते. फक्त पश्चिमेला, समुद्राकडे खिडक्या असलेल्या फ्लॅटला खिडकीतून हा उपग्रह मिळणार नाही. कितीही महाग छत्री आणा.

अडथळा तपासायची एक फुकटची युक्तीही आहे. मार्चच्या मध्याच्या जरा आधी आणि सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना, काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा सूर्याच्या गोंगाटाने सगळ्यांचाच सिग्नल काही मिनिटं जातो. तो बिघाड नव्हे, मेकॅनिकला फोन करू नका. त्याऐवजी गच्चीवर जाऊन बघा, त्या वेळी छत्रीवर ऊन आहे की सावली. सावली असेल तर ज्याची सावली, तोच अडथळा.

हे सगळं ठीक निघालं तरी मुसळधार पावसात थोडा वेळ सिग्नल जाणारच. फ्री डिशचा सिग्नल कू बँडमध्ये, 11 गिगाहर्ट्झच्या आसपास येतो, आणि पावसाचे थेंब तो शोषतात, विखुरतात. पाऊस तुमच्या डोक्यावर असायलाही हवा असं नाही. पावसाळ्यात ढगातलं पाणी साधारण पाच किलोमीटर उंचीपर्यंत द्रवरूपात असतं. तेवढ्या उंचीला पोचेपर्यंत तुमच्या छत्रीची रेषा आग्नेयेला तीनेक किलोमीटर जाते. म्हणजे घाटकोपरात ऊन आणि गोवंडी-देवनारवर सर कोसळतेय, तरी तुमचा टीव्ही जाईल. पाच-दहा मिनिटांसाठी जात असेल तर सोडून द्या. भुरभुर पावसात जात असेल तर मात्र सिग्नल मुळातच काठावर आहे, आणि तो कमकुवत का, ते वरच्यापैकी कुठेतरी सापडेल. डिजिटलमध्ये चित्र हळूहळू मुंग्यामुंग्यांचं होत नाही. ठणठणीत दिसतं, दिसतं आणि एकदम तुटतं. वरळीच्या टॉवरकडे तोंड करून अँटेना फिरवत ‘आता आलं का?’ ओरडणाऱ्या पिढीला हे पचायला जड जातं. 60 सेंटिमीटरच्या छत्रीऐवजी 90 ची बसवली तर गोळा करायचं क्षेत्र सव्वादोन पट होतं, म्हणजे सिग्नलमध्ये साडेतीन डेसिबलची भर. तुमच्या मेकॅनिकच्या यादीतली ‘छत्री बदला’ ही एकच गोष्ट मला थोडी तरी पटते. पण मोठी छत्री वारा जास्त पकडते, पाइप आणि क्लॅम्प तसाच दणकट हवा, आणि सोसायटीची परवानगी आधी.

बूस्टर मात्र घेऊ नका. छत्रीने जे पकडलंच नाही ते बूस्टर वाढवणार कुठून? गोंगाट तेवढा वाढवेल. एकाच एलएनबीला साधा स्प्लिटर लावून दोन टीव्ही चालवत असाल तर तोही काढून बघा. सिग्नल वाटला जातो, आणि दोन बॉक्स एलएनबीला वेगवेगळं व्होल्टेज मागायला लागले की भांडण सुरू. दोन टीव्हीसाठी दोन तोंडांची एलएनबी मिळते.

छत्री खरोखर वाऱ्याने हललीय असं ठरलं, म्हणजे केबल ठीक, वर आकाश मोकळं, आणि स्ट्रेन्थ असूनही क्वालिटी शून्य, तरच पाना हातात घ्या. आधी सध्याच्या जागेवर मार्करने खूण करा. मोबाइलचं होकायंत्र पाण्याच्या टाकीपासून आणि लोखंडी पाइपपासून चार पावलं लांब उभं राहून वापरा. शेजारच्या छत्रीची दिशा उचलायची असेल तर ती फ्री डिशचीच आहे ना, हे विचारून घ्या. टाटा प्लेचा उपग्रह 83 अंशांवर आहे, मुंबईतून त्याची दिशा होकायंत्रावर वीस अंश दक्षिणेकडे सरकलेली असते. नट अर्धवट सैल करून छत्री बोटभरच हलवायची आणि थांबायचं. बॉक्सला सिग्नल ओळखायला काही सेकंद लागतात, भराभर फिरवलीत तर बरोबर जागेवरून निघून जाल आणि कळणारही नाही. एकदोन अंशांचा फरकसुद्धा सिग्नल जायला पुरतो. क्वालिटी सापडली की एलएनबी तिच्या क्लॅम्पमध्ये थोडी थोडी फिरवून बघा. मुंबईत तिला सुमारे 45 अंशांचा तिरपेपणा लागतो आणि तो बरोबर बसला की क्वालिटी आणखी वर चढते.

मेकॅनिकला बोलवायचंच असेल तर सॅट फाइंडर, म्हणजे सिग्नल मोजायचा मीटर, घेऊन ये म्हणावं. आधी छोट्या केबलने थेट एलएनबीवर मीटर लावून आकडा दाखव, मग घरातल्या टोकाला लावून दाखव. वर चांगला आणि खाली पडलेला असेल तर फक्त केबल. दोन्हीकडे पडलेला असेल तर एलएनबी किंवा दिशा. दोन्हीकडे चांगला असेल तरच बॉक्सवर संशय. तोही शेजारच्यांचा बॉक्स दहा मिनिटं आणून लावला की फिटतो.

कोरड्या आणि ओल्या दिवसाचे स्ट्रेन्थ-क्वालिटीचे आकडे, उघडलेल्या कनेक्टरचा जवळून काढलेला फोटो, आणि छत्रीच्या मागे उभं राहून आग्नेयेला वर आकाशाकडे धरून काढलेला एक फोटो इथे टाका. तुमच्याकडचा नेमका दोष कोणता, ते बघून सांगतो.