वाया गेलेल्या सर्व्हिस मोजा

प्रश्न: मी व्हॉलीबॉलचा संघ सांभाळतो. ‘यंदा करंडक आणायचाच’ असं सुरुवातीलाच ठरवलं होतं. पहिले दोन सामने हरलो आणि पोरांनी मानच टाकली. ध्येयच चुकलं का?

उत्तर: चुकलं नाही, अपुरं पडलं. करंडक एकट्या तुमच्या हातात नसतो, समोरचेही त्याच्यासाठीच घाम गाळतात. सर्व्हिस मात्र सर्वस्वी तुमची. 25 गुणांच्या सेटमध्ये पाच सर्व्हिस जाळ्यात किंवा बाहेर गेल्या, की समोरच्यांना उरलेले वीसच कमवायचे! मागच्या सामन्यांची वही काढा आणि वाया गेलेल्या सर्व्हिस मोजा. सेटमागे पाच निघाल्या, तर महिन्याभरात तीनवर आणायच्या. आता चुका टाळायला अलगद चेंडू टाकणारे महाभाग निघतातच. म्हणून शेजारी दुसरा रकाना आखा: आपल्या किती सर्व्हिसवर समोरच्यांचा पहिला पास विस्कटला? दोन्ही आकडे एकत्र वाचले तरच अर्थ लागतो. ही नोंद राखीव खेळाडूकडे द्या. बाकावर बसून त्याचं सामन्यातलं लक्षही उडत नाही.

वही नसेल, तर पुढचे दोन सामने फक्त मोजा. ध्येय नंतर.

प्रश्न: ध्येय प्रशिक्षकाने ठरवावं की खेळाडूंनी?

उत्तर: मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी 1968 मध्येच मांडलं होतं, की ‘जीव तोडून खेळा’ अशा मोघम सांगण्यापेक्षा नेमकं आणि अवघड ध्येय माणसाकडून जास्त काम करून घेतं. अट एकच, त्याने ते मनापासून स्वीकारलेलं हवं. त्यामुळे आकडा तुम्ही मांडलात तरी चालेल, पण तोच का, हे वही उघडून दाखवा. ‘तीन जमणार नाही, चार ठेवा’ असं कर्णधार म्हणाला, तर त्याचं कारण ऐका. निमूट माना डोलावणाऱ्या संघाची मला जास्त काळजी वाटते.

प्रश्न: आमचा फुटबॉलमधला स्ट्रायकर स्वतःचे गोल मोजत बसतो, पास देतच नाही.

उत्तर: त्याला गोलांचं लक्ष्य कोणी दिलं होतं? बहुधा तुम्हीच. ते काढून घ्या. त्याऐवजी, त्याच्या पासवर सहकाऱ्यांना गोलवर फटका मारायची संधी किती वेळा मिळाली, ते मोजा आणि संघासमोर वाचून दाखवा.

प्रश्न: हंगामाच्या मध्यावर ध्येय बदलावं का?

उत्तर: मुख्य खेळाडू जखमी होऊन बाहेर बसले असतील, तर जरूर बदला. एक सामना हरलात म्हणून मात्र नाही.